पुण्यातील ट्रेक आयोजकांमधील माहितीची देवाणघेवाण : पार्श्वभूमी

पुण्यात घाटवाटांची माहिती आधी गिर्यारोहण संस्थांच्या कट्ट्यांवर फिरत असे. वाटाड्या कोणत्या गावात मिळेल, उन्हाळ्यात कोणतं टाकं आटतं, लिंगाण्याच्या सुळक्यावर दोर कुठे लावायचा, हे जुने नव्यांना सांगत. त्याचे पैसे कोणी घेत नसे.

२०१२ मध्ये पुण्याची नागरी मोहीम एव्हरेस्टवर पोचली. त्याच सुमारास समाजमाध्यमांवर शनिवार-रविवारचे ट्रेक विकणारे गट वाढू लागले. त्यांचे अनेक लीडर संस्थांतच तयार झालेले होते, त्यामुळे ज्ञान तिथून आलं आणि माणशी दर नव्याने लागला.

संस्था आणि व्यावसायिक आयोजक यांच्यात वाद पेटला तो सरकारकडे करायच्या नोंदणीवरून. हिमाचलमधील साहस शिबिरात २००६ मध्ये एका मुलाचा जीव गेला. पालक मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि राज्याला नियमावली करणं भाग पडलं. २०१४ चा शासन निर्णय संस्थांना अव्यवहार्य वाटला. २०१८ मध्ये दुसरा आला, त्यावरही हरकती आल्या. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये जमीन, हवा आणि पाणी तिन्हींवरच्या उपक्रमांसाठी साहसी पर्यटन धोरण निघालं आणि नोंदणी सक्तीची झाली. वर्गणीवर चालणारी, नफा न घेणारी मंडळी आणि बस भरून गिऱ्हाईकं नेणारा आयोजक यांना एकच माप का, हा संस्थांचा सवाल होता. अपघात आयोजक कोण हे पाहून होत नाही, हे व्यावसायिकांचं उत्तरही खरं आहे. तरी संस्थांचा मुद्दा अधिक वजनाचा वाटतो. फुकट शिकवणारा स्वयंसेवक कागदपत्रांना कंटाळून बाजूला झाला, तर व्यवसायाला शिकलेले लीडर मिळणार कुठून?

बचावकार्यात मात्र हा भेद उरत नाही. फोन आला की पुणे, लोणावळा परिसरातली स्वयंसेवी पथकं आणि गावकरी दोर, स्ट्रेचर घेऊन निघतात.

जून २०२४ मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. जून २०२५ मध्ये कुंडमळ्याचा इंद्रायणी नदीवरचा पूल कोसळला. पाठोपाठ जुलैत शिवनेरी, लोहगड, राजगडासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. एकीकडे पावसाळी ठिकाणांवर प्रशासनाचे निर्बंध, दुसरीकडे गडांवर गर्दीची ओढ, अशा काळात कुठली वाट बंद आहे हे आयोजक एकमेकांच्या व्हॉट्सअॅप गटांतच विचारतात. नोंदणी न केलेला नवखा त्या गटांत बहुधा नसतो.