अर्ध्यावर अडकलेलं फर्मवेअर

स्टोरेज नेटवर्कच्या स्विचवर नवं फर्मवेअर (त्याच्या आतली प्रणाली) चढतं आहे आणि मधेच एसएसएच सेशन (स्विचशी दुरून केलेली जोडणी) तुटलं, की नवख्या माणसाचा हात थेट पॉवर केबलकडे जातो. नेमकी तीच गोष्ट करायची नसते. बरेचदा त्या वेळी काहीच बिघडलेलं नसतं. बिघडतं ते केबल ओढल्यावर.

मोठ्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हरच्या डिस्क सर्व्हरच्या पेटीत नसतात. त्या वेगळ्या स्टोरेजमध्ये असतात आणि दोघांच्या मधे फायबर चॅनलचे स्विच बसलेले असतात. इंटरनेटवर एखादं पॅकेट हरवलं तर पान जरा उशिरा उघडतं, एवढंच. इथे वाट बंद झाली तर सर्व्हरच्या लेखी डिस्कच गेली. लिनक्स डिस्कच्या उत्तराची सहसा ३० सेकंद वाट पाहतो, मग तक्रार सुरू करतो. म्हणून असे स्विच जोडीने लावतात: ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन पूर्ण वेगळे फॅब्रिक (स्विचची जाळी), आणि प्रत्येक सर्व्हरची एकेक फायबर दोन्हीकडे. अपग्रेड एका वेळी एकाच बाजूला करायचं, आधी ‘ए’, मग ‘बी’.

उदाहरण ब्रोकेडच्या स्विचचं घेऊ. ही कंपनी २०१७ मध्ये ब्रॉडकॉमकडे गेली. स्विचवरच्या प्रणालीचं नाव फॅब्रिक ओएस. तिच्या फ्लॅश मेमरीचे दोन भाग असतात, प्रायमरी आणि सेकंडरी. एरवी दोन्हींत एकच आवृत्ती असते. अँड्रॉइड फोनमध्येही ७.० पासून (२०१६) अशी दुहेरी सोय आली. ‘फर्मवेअरडाउनलोड’ ही आज्ञा दिली की नवी आवृत्ती सेकंडरीत लिहिली जाते. मग दोन्ही भागांची अदलाबदल होऊन स्विच रीबूट होतो. नवी आवृत्ती नीट उठली की ती दुसऱ्या भागावरही उतरवली जाते. याला कमिट म्हणतात, आणि त्याला बरीच मिनिटं लागतात.

रीबूट होत असताना डेटा वाहत कसा राहतो? फ्रेम (डेटाचे तुकडे) पुढे ढकलायचं काम प्रोसेसर करतच नाही, ते स्विचिंग चिप करते. कोणत्या पोर्टवरून कुठे जायचं आणि झोनिंगप्रमाणे कोणाला कोण दिसेल, हे तिच्यात आधीच भरलेलं असतं. प्रोसेसर झोपून उठेपर्यंत चिप जुन्या नकाशावर काम चालू ठेवते. मात्र तेवढ्या वेळात नवं कोणी फॅब्रिकमध्ये लॉगिन करू पाहील तर उत्तर द्यायला कोणी जागं नसतं. म्हणून या काळात केबल बदलू नये, झोन बदलू नये, सर्व्हर चालू-बंद करू नये. आणि पॉवर काढून पुन्हा दिली की ही सगळी करामत संपते: चिपही शून्यापासून सुरू होते, पोर्ट पडतात.

सेशन तुटणं हा त्या रीबूटचाच भाग आहे. आज्ञा देतानाच स्विच तशी सूचना देतो, पण ‘वाय’ दाबायच्या घाईत ती कोण वाचतं! काही मिनिटं थांबून पुन्हा लॉगिन करा आणि ‘फर्मवेअरडाउनलोडस्टेटस’ पाहा. कोणती पायरी किती वाजता झाली ते ओळीने दिसतं. मग ‘फर्मवेअरशो’. त्यात आवृत्तीच्या दोनच ओळी असतात, वरची प्रायमरी, खालची सेकंडरी. समजा, जुनी आवृत्ती ८.२ आणि नवी ९.०. वर ८.२ आणि खाली ९.० असेल तर नवी प्रत लिहिली गेली, पण रीबूट व्हायचं आहे. वर ९.० आणि खाली ८.२ असेल तर स्विच नव्या आवृत्तीवर चालतो आहे, कमिट बाकी आहे किंवा सुरू आहे. दोन्हीकडे ९.० म्हणजे काम फत्ते. दोन्हीकडे ८.२ म्हणजे गाडी स्टेशनातून सुटलीच नाही.

हा शेवटचा प्रकार सर्वांत जास्त दिसतो आणि सर्वांत निरुपद्रवी असतो. ‘रिलीज डॉट पीलिस्ट’ ही फाइल मिळत नाही, असा संदेश येतो. स्विचला पाहिजे असतं फर्मवेअरचं उलगडलेलं फोल्डर, आणि लोक पत्ता देतात झिप फाइलचा. किंवा झिप उलगडताना फोल्डरात त्याच नावाचं आणखी एक फोल्डर तयार झालेलं असतं. पत्ता बरोबर असेल तर प्रोटोकॉल तपासा. ओपनएसएसएच या एसएसएचच्या सॉफ्टवेअरने ८.८ पासून (२०२१) ओळख पटवायच्या जुन्या, एसएचए-१ वर आधारलेल्या आरएसए सह्या मूळ सेटिंगमध्येच बंद केल्या. त्यामुळे ताज्या लिनक्स सर्व्हरवरून एससीपीने (एसएसएचवरून फाइल नेण्याच्या रीतीने) फाइल ओढताना जुन्या स्विचचं सूत जुळत नाही. अशा वेळी वेगळ्या मॅनेजमेंट नेटवर्कवर तेवढ्यापुरता एफटीपी सर्व्हर उभा करणं, किंवा मॉडेलला सोय असेल तर ब्रोकेडचीच यूएसबी वापरणं सोपं पडतं.

कधी स्विच स्वतःच नकार देतो. आवृत्त्यांच्या पायऱ्या गाळून चालत नाही, ९.० वर जायचं तर आधी ८.२ गाठावी लागते. आणि ६५१० सारखा १६ गिगाबिटचा जुना स्विच कितीही खटपट केली तरी ९.० घेणार नाही, त्याचा प्रवास ८.२ वरच संपतो. रिलीज नोट्स आधी वाचल्या तर हे रात्री दोन वाजता कळत नाही. फ्लॅश भरलेली असेल तरी लिहिणं मधेच थांबतं. जुन्या क्रॅशच्या कोअर फाइल (क्रॅशच्या वेळच्या मेमरीच्या प्रती) तिथे साचतात. ‘सपोर्टसेव्ह’ने त्या आधी बाहेर घ्या, मग त्याच आज्ञेच्या मोठ्या ‘आर’ पर्यायाने पुसा.

लिहिताना वीज गेली तर? बिघडते ती सेकंडरी प्रत. स्विच प्रायमरीवरून उठतो आणि चांगली प्रत खराब भागावर उतरवून स्वतःच दुरुस्ती करतो. ही दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत पुन्हा डाउनलोड सुरू करू नये. कमिटच अडकलं असेल तर ‘फर्मवेअरकमिट’ हाताने द्यावं लागतं. ‘फर्मवेअररिस्टोर’ने मागे फिरता येतं, पण ऑटोकमिट बंद ठेवून अपग्रेड केलं असेल तरच, एकदा कमिट झालं की जुनी प्रत उरतच नाही.

स्विच नेटवर्कवर परत आलाच नाही तर कन्सोल केबलने लॅपटॉप थेट स्विचला जोडा. टर्मिनलचं सेटिंग: वेग ९६००, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. सुरू होताना काही सेकंद ‘एस्केप’ दाबायची संधी मिळते. त्यातून उघडणाऱ्या मेनूच्या कमांड शेलमध्ये कोणत्या पार्टिशनवरून सुरू व्हायचं ते ठरवणारं एक चल (व्हेरिएबल) असतं. त्यातल्या दोन नावांचा क्रम उलटा केला की स्विच दुसऱ्या प्रतीवरून उठतो. शेजारीच लोडरचा (प्रणाली सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) पत्ता असतो, तो मॉडेलगणिक वेगळा. त्याला धक्का लागला तर दोन्ही प्रती शाबूत असूनही काही सुरू होणार नाही. बदल करण्याआधी सगळ्या ओळी कॉपी करून ठेवा, आणि सपोर्ट करार असेल तर त्यांना फोनवर घेऊनच हे करा.

‘कॉन्फिगअपलोड’ने काढलेली सेटिंगची प्रत आणि पोर्टची स्थिती दाखवणाऱ्या ‘स्विचशो’चं आउटपुट अपग्रेडच्या आधीच घेतलेलं असावं. नंतर तेच पुन्हा काढून एकेक पोर्ट जुळवायचं. प्रत्येक सर्व्हरवर ‘मल्टिपाथ’ आज्ञेने दिसणाऱ्या डिस्कपर्यंतच्या वाटा मोजायच्या. आधी चार होत्या आणि आता दोनच दिसत असतील, तर ‘बी’ फॅब्रिकला त्या रात्री हात लावायचा नाही.