डावं पान मालिकांचं, उजवं पान टेनिसचं

माझ्या आत्याकडे दोनशे पानी वही आहे. डाव्या पानावर मालिका, उजव्या पानावर टेनिस. डावीकडे कुणाचं लग्न मोडलं, कुणाची स्मृती गेली, मृत्युपत्र कुणाच्या कपाटात सापडलं. उजवीकडे सेटचे आकडे, सामना किती वेळ चालला आणि पुढे कंसात एखादा शब्द: ‘पाऊस’, ‘पाय दुखावला’, ‘रडला’. आत्या बँकेतून निवृत्त झाली आहे, त्यामुळे नोंद नीटनेटकी आणि तारखेसकट. घरात सगळे म्हणायचे, हिच्या आवडी म्हणजे दोन टोकं. एकीकडे सासू-सुना, दुसरीकडे विम्बल्डन.

मलाही तसंच वाटायचं. पुढे माणसाचा मेंदू गोष्टीत आणि खेळात का रमतो, याविषयी वाचत गेले आणि लक्षात आलं, की ही दोन टोकं नाहीतच. दोन्ही पानांवर मेंदूचं काम बऱ्याच अंशी एकच चाललेलं असतं.

सुरुवात चेहऱ्यापासून करू. मालिकेत कुणी एक वाक्य बोलतं आणि कॅमेरा खोलीतल्या प्रत्येकाच्या तोंडावर जातो. सासू, मोठी जाऊ, दारात उभी असलेली मोलकरीण, पुन्हा सासू. या पद्धतीला नावं ठेवणं सोपं आहे. पण आपल्या मेंदूच्या खालच्या अंगाला, साधारण कानाच्या मागे, एक छोटा भाग आहे, तो इतर वस्तूंपेक्षा चेहरे दिसल्यावर कितीतरी जास्त जागा होतो. नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. ओळखीच्या चेहऱ्यावरची बारीकशी हालचाल वाचणं हे माणसाचं फार जुनं कौशल्य आहे आणि मालिका त्यालाच रोज खाद्य पुरवते.

आता टेनिस पाहा. सामना चार तास चालला, तरी त्यातला बराचसा वेळ चेंडू खेळात नसतोच. दोन गुणांच्या मध्ये २५ सेकंद, बाजू बदलताना ९० सेकंद, सेट संपल्यावर १२० सेकंद. या वेळात कॅमेरा काय दाखवतो? चेहरा. टॉवेलने पुसलेला, वर आकाशाकडे पाहणारा, स्वतःशी पुटपुटणारा. मग प्रेक्षकांत बसलेली आई, बायको, प्रशिक्षक. मग पुन्हा चेहरा. क्रिकेटमध्ये अकरा जण असतात, हेल्मेट असतं, अंतर असतं. एकेरी टेनिसमध्ये एकच माणूस तासन्‌तास आपल्या समोर एकटा असतो. त्याच्या मनात काय चाललंय ते आपण त्याच्या तोंडावरून ताडत बसतो. आत्या म्हणते, “सर्व्हिस करायच्या आधी त्याने चेंडू जास्त वेळा आपटला की समजायचं, मन थाऱ्यावर नाही.” सुनेने चहाचा कप जरा जोरात ठेवला की ती हेच म्हणते.

रोज असा चेहरा वाचत गेलं की ओळख होते आणि ओळखीतून जिव्हाळा. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी संशोधकांनी यावर एक निबंध लिहिला. टीव्ही घराघरांत पोचू लागण्याचा तो काळ. पडद्यावरचा माणूस आपल्याला ओळखत नाही, तरी आपल्या मनात त्याच्याशी खराखुरा संबंध जुळतो, हे त्यांनी मांडलं. मराठीत त्याला एकतर्फी नातं म्हणता येईल. त्यांनी याला वेड किंवा आजार म्हटलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. माणसाशी नातं जोडणारी जी यंत्रणा शेजाऱ्यासाठी चालते, तीच इथेही चालते. समोरचा माणूस काचेपलीकडे आहे हे बुद्धीला पक्कं ठाऊक असतं, तरी जिव्हाळा थांबत नाही.

पण ओळखीच्या चेहऱ्यामुळे आपण रोज सात वाजता टीव्हीसमोर येऊन बसू, एवढ्यावर भागत नाही. त्यासाठी पुढे काय होणार हे ठाऊक नसावं लागतं.

२०१५ मध्ये जेफ्री एली, अलेक्झांडर फ्रँकेल आणि एमिर कामेनिका या तीन अर्थशास्त्रज्ञांनी उत्कंठा आणि धक्का यांची गणिती व्याख्या केली. प्रेक्षकाच्या मनात शेवटाबद्दल सतत एक अंदाज असतो. पुढच्या क्षणी तो अंदाज खूप बदलण्याची शक्यता असेल, तर ती उत्कंठा. तो नुकताच खूप बदलला असेल, तर तो धक्का. उत्कंठा पुढे पाहते, धक्का मागे. रहस्यकथा असो की सामना, माप एकच. मला ही व्याख्या वाचताना आत्याची वहीच आठवली.

टेनिसची गुणपद्धती या उत्कंठेसाठी किती चपखल आहे ते थोडं आकडेमोड करून पाहू. समजा, सर्व्हिस करणारा खेळाडू दर दहा गुणांपैकी सहा जिंकतो. म्हणजे तो पूर्ण गेम जिंकण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के होते. गुणांतली लहानशी आघाडी गेममध्ये मोठी होते, सेटमध्ये त्याहून मोठी. रॉजर फेडररने जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात आपल्या कारकिर्दीचा हाच हिशेब सांगितला होता: एकेरीचे १,५२६ सामने, त्यांतले जवळपास ८० टक्के जिंकलेले, आणि एकूण गुणांपैकी जिंकलेले फक्त ५४ टक्के. म्हणजे इतका मोठा खेळाडूही जवळजवळ दर दुसरा गुण हरत होता. चाहत्याला निर्धास्त होऊन बसताच येत नाही ते यामुळे.

आणि सगळे गुण सारख्या वजनाचे नसतात. कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये गुणाचं वजन मोजायची एक सोपी रीत सांगितली: हा गुण जिंकला तर गेम मिळण्याची शक्यता किती, हरला तर किती, दोन्हींतला फरक काढा. मघाच्या, दहापैकी सहा गुण जिंकणाऱ्या खेळाडूवर ती लावू. ४०-० असताना, म्हणजे गेमला एकच गुण हवा आणि समोरच्याचं खातं रिकामं असताना, पुढचा गुण गेला तरी फारसं बिघडत नाही. फरक भरतो जेमतेम ५ टक्क्यांचा. ३०-४० असताना, म्हणजे हा गुण गेला की गेमच गेला अशा वेळी, मात्र तोच फरक ६९ टक्क्यांवर जातो. एकाच गेममधला एक गुण दुसऱ्याच्या चौदापट जड! नेमका याच गुणाच्या वेळी आत्या पदर तोंडाशी धरते. तिने मॉरिसचं नावही ऐकलेलं नाही, पण कुठला गुण जड आहे हे तिला मोजावं लागत नाही.

मालिकेचा लेखक हेच वजन हाताने घालतो. सोमवार ते गुरुवार ४०-० चालू असतं: हळदीकुंकू, स्वयंपाकघर, थोडी कुरबूर. शुक्रवार-शनिवारकडे गाडी ३०-४० वर आणायची आणि दारावरची बेल वाजवून भाग संपवायचा. फरक एवढाच, की टेनिसचा लेखक कोणी नाही.

मेंदूच्या आत यावेळी काय घडत असेल, याचा एक धागा माकडांवरच्या प्रयोगांतून मिळतो. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी डोपामिन हे मेंदूतलं संदेश पोचवणारं रसायन सोडणाऱ्या पेशींचा अनेक वर्षं अभ्यास केला. ज्यूस मिळणारच अशी खूण दिसली, तर प्रत्यक्ष ज्यूस मिळाल्यावर त्या पेशी फारशा हलत नाहीत. अनपेक्षित मिळाला तर उसळतात. २००३ मध्ये त्यांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. खूण आणि बक्षीस यांच्या मधल्या वेळात काही पेशींची हालचाल हळूहळू चढत जाते आणि शक्यता अर्धी-अर्धी असते तेव्हा ती सर्वांत जास्त चढते. मिळेल की नाही मिळेल, अगदी समसमान. माकडाच्या ज्यूसवरून माणसाच्या टेनिसपर्यंत सरळ उडी मारणं योग्य नाही. तरी बरोबरीच्या दोन खेळाडूंमध्ये ड्यूस, म्हणजे ४०-४०, लागला की मला हा प्रयोग आठवल्याशिवाय राहत नाही.

मग टीव्ही बंद केल्यावरही गोष्ट डोक्यात का घोळत राहते? याचं उत्तर बर्लिनमध्ये शोधलं गेलं. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या विद्यार्थिनी ब्लूमा झायगार्निक यांनी, १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, लोकांना छोटी छोटी कामं दिली, त्यांतली निम्मी अर्ध्यात थांबवली आणि नंतर विचारलं, काय काय आठवतंय? अर्धवट राहिलेली कामं लोकांना पूर्ण झालेल्या कामांच्या जवळपास दुप्पट आठवली. हा प्रयोग जगभर गाजला. नंतर तो पुन्हा करून पाहणाऱ्यांना मात्र आठवणीतला हा फरक दर वेळी सापडला नाही. त्याच प्रयोगशाळेतल्या मारिया ओव्हसियांकिना यांचं निरीक्षण जास्त टिकाऊ निघालं: अर्ध्यात थांबवलेलं काम माणूस संधी मिळताच, कुणी न सांगता, पुन्हा हातात घेतो. ‘पुढील भागात’ ही पाटी या ओढीवरच उभी आहे. पावसामुळे थांबलेला सामनासुद्धा.

आपल्याकडे या एकतर्फी नात्याचं बळ पहिल्यांदा १९८४ मध्ये दिसलं. ७ जुलैला दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी लोकशिक्षणासाठी मालिका वापरल्या होत्या, त्या धर्तीवर कुटुंबनियोजन आणि स्त्रियांचा मान हे विषय घेऊन तिची आखणी झाली. १५६ भाग झाले. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलत. दूरदर्शनकडे ४ लाखांहून अधिक पत्रं आली. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी या मालिकेचा अभ्यास केला आणि त्यात एक गोष्ट अशी निघाली, की ती वाचून मी कितीतरी वेळ थांबले होते. भागवंती ही सगळं निमूट सोसणारी आई. असं सोसू नका, हे सांगण्यासाठी ते पात्र लिहिलेलं होतं. पुष्कळ प्रेक्षकांनी मात्र तिलाच आदर्श मानलं. त्यांत बायकाही होत्या. नातं जुळलं, पण लेखकाला हवं त्या दिशेने नाही.

म्हणून मालिकांमुळे समाज बिघडतो किंवा सुधारतो, असं सरसकट विधान मी करणार नाही. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांचा २००९ मधला अभ्यास मात्र इथे सांगायलाच हवा. बिहार, हरियाणा, तमिळनाडू, दिल्ली आणि आपलं गोवा इथली माहिती त्यांनी तपासली. ज्या गावांत केबल नव्याने आली, तिथल्या बायकांमध्ये नवऱ्याने मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या कमी झाल्या आणि मुलगाच हवा हा हट्टही कमी झाला. केबलवर जे काही दिसत होतं, त्यात घराबाहेर पडणाऱ्या, कमावणाऱ्या, उलट बोलणाऱ्या बायका होत्या. रोज दिसणारी बाई हळूहळू ओळखीची होते आणि ओळखीच्या बाईचं वागणं आपल्याला शक्य कोटीतलं वाटू लागतं, असा मी त्याचा अर्थ लावते.

चाहत्याचं शरीरही या सगळ्यात ओढलं जातं. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या २.६६ पट नोंदल्या गेल्या. खुर्चीत बसलेला माणूस नुसता बघत नसतो. आत्याला रक्तदाबाची गोळी आहे, म्हणून पाचव्या सेटला मी तिच्याकडे जाऊन बसते.

१४ जुलै २०१९ ला बसले होते. रविवार, लॉर्ड्सवर क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना आणि त्याच शहरात विम्बल्डनचा, फेडरर विरुद्ध जोकोविच. घरातले बाकी सगळे क्रिकेटपुढे, आम्ही दोघी आतल्या खोलीतल्या लहान टीव्हीपुढे. पाचवा सेट, ८-७, फेडररची सर्व्हिस, ४०-१५. सामना जिंकायला दोन संधी आणि त्यातला एकच गुण हवा. सर्व्हिसवर तो दहापैकी सात गुण जिंकतो असं धरलं, तर दोन्ही गमावण्याची शक्यता ९ टक्के. पहिल्या गुणाला त्याचा फोरहँड बाहेर गेला. दुसऱ्याला तो नेटकडे धावला आणि जोकोविचने चेंडू त्याच्या बाजूने तिरका काढला. अर्थशास्त्रज्ञांच्या त्या व्याख्येप्रमाणे उत्कंठा फार नव्हती. जो होता तो धक्का. सामना १३-१२ वर टायब्रेकने संपला, ४ तास ५७ मिनिटांनी. फेडररने २१८ गुण जिंकले, जोकोविचने २०४, आणि चषक जोकोविचकडे गेला. वहीत त्या तारखेला उजव्या पानावर फक्त ‘८-७, ४०-१५’ एवढंच आहे. पुढे पान कोरं.

अशी नाती संपतातही. २००४ मध्ये अमेरिकेतली एक अतिशय लोकप्रिय मालिका संपली, तेव्हा केरन एयाल आणि जोनाथन कोहेन यांनी तिच्या प्रेक्षकांचा अभ्यास केला. आवडत्या पात्राच्या जाण्याने लोक खरोखर खिन्न झाले होते. खऱ्या मैत्रीच्या तुटण्याइतके नाही, पण त्याच जातीचं दुःख. ज्यांचं नातं घट्ट, त्यांना जास्त झालं.

फेडररचा शेवटचा सामना लंडनमध्ये २३ सप्टेंबर २०२२ च्या रात्री झाला. आपल्याकडे तोवर २४ तारखेची पहाट उजाडत आली होती. दुहेरीत नदालच्या जोडीने खेळून तो हरला. मग दोघं शेजारी बसून रडले. आत्याने दिवा न लावता सगळं पाहिलं. उजव्या पानावर तिने तारीख लिहिली, आकडे लिहिले, कंसात ‘दोघंही’ असं लिहिलं. त्याच संध्याकाळी डाव्या पानावर नोंद आहे: ‘धाकटीला खरं कळलं. सोमवारी बघू.’