इंजिन तेच, ॲव्हरेज वाढलं

हौशी धावपटूंच्या गप्पांत हल्ली एक तक्रार हमखास ऐकू येते: घड्याळातला ‘व्हीओटू मॅक्स’ कित्येक महिने हललेला नाही, म्हणजे आपली सुधारणा आता संपली. या समजापायी कुणी धावणं सोडतं, तर कुणी तो आकडा वाढवायचाच म्हणून आठवडाभर जीव तोडून पळतं आणि दुखापत ओढवून घेतं. समज चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे यामागचं विज्ञान फार सुंदर आहे.

व्हीओटू मॅक्स म्हणजे शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं याचं माप. ए. व्ही. हिल या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात धावताना सोडलेला श्वास पिशवीत गोळा करून ते मोजलं होतं. मनगटावरचं घड्याळ असं काही मोजत नाही. वेग आणि नाडीच्या ठोक्यांवरून अंदाज बांधतं. नव्याने धावू लागलेल्या माणसात हा आकडा भराभर चढतो. रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे द्रव भाग, काही दिवसांतच वाढतो, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं, स्नायूंत मायटोकाँड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) आणि केशवाहिन्या वाढतात. मग वाढ मंदावते. स्पर्धेतली वेळ मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षं कमी होत राहते.

लांब पल्ल्याचा वेग तीन गोष्टींवर ठरतो: व्हीओटू मॅक्स किती, त्याचा किती भाग तासन्‌तास वापरता येतो, आणि एक किलोमीटर धावायला ऑक्सिजन किती लागतो. यातली तिसरी गोष्ट म्हणजे गाडीचं ॲव्हरेज.

आकडे घालून पाहा. एका धावपटूचा व्हीओटू मॅक्स दर किलो वजनामागे मिनिटाला 50 मिलिलिटर आहे आणि त्यातले 80 टक्के, म्हणजे 40 मिलिलिटर, तो 21.1 किलोमीटरच्या हाफ मॅरेथॉनभर वापरू शकतो. किलोमीटरला किलोमागे 220 मिलिलिटर लागत असतील, तर त्याचा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, साडेपाच मिनिटांचा. तोच खर्च 200 वर आला की पेस पाच मिनिटांचा. पूर्ण हाफ मॅरेथॉनमध्ये साडेदहा मिनिटं वाचली, आणि व्हीओटू मॅक्स जागचा हललासुद्धा नाही!

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. 2003 मध्ये लंडनला 2 तास 15 मिनिटं 25 सेकंदांत मॅरेथॉन धावून विश्वविक्रम करणाऱ्या पॉला रॅडक्लिफची मोजमापं शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँड्र्यू जोन्स यांनी 1992 पासून सातत्याने ठेवली होती. त्या अकरा वर्षांत तिचा व्हीओटू मॅक्स 70 च्या आसपासच राहिला. ठरावीक वेगाला लागणारा ऑक्सिजन मात्र सुमारे 15 टक्क्यांनी घटला.

हा खर्च घटतो कसा? कारणं अनेक आहेत, पण मला सर्वांत जास्त भुरळ घालते ती पोटरीला टाचेशी जोडणारी अकिलिस कंडरा. धावताना पाय जमिनीवर असतो जेमतेम पाव सेकंद. तेवढ्यात या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या सहा-आठपट ओढ येते, ती सेंटीमीटरभर ताणली जाते आणि पाऊल सुटताना पुन्हा आखडते. ताणताना साठलेली बहुतेक ऊर्जा परत मिळते. प्राण्यांच्या हालचालींचे अभ्यासक अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये हिशेब मांडला: प्रत्येक पावलात शरीराची जी ऊर्जा खाली-वर होते, तिच्यातली सुमारे 35 टक्के अकिलिस कंडरेत आणि 17 टक्के तळपायाच्या कमानीत साठते.

खरी गंमत याच्या पुढे आहे. लांबी बदलण्याचं काम कंडरेने उचललं की पोटरीच्या स्नायूला फारसं आखडावं लागत नाही, नुसतं धरून ठेवावं लागतं. स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितकं त्याचं बल कमी होतं, हे त्याच हिल यांनी 1938 मध्ये दाखवलं. स्नायुतंतूत मायोसिन या प्रथिनाची टोकं ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्याला पकडतात, खेचतात, सोडतात. दर फेरीला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्ची पडतो. आखडणं वेगवान झालं की एका क्षणी पकड घेऊन असलेली टोकं कमी होतात. मग तेवढंच बल काढायला जास्त तंतू कामाला लागतात, आणि आखडण्याचा इशारा देणारं कॅल्शिअम परत उपसून ठेवण्याचा त्या प्रत्येकाचा खर्च वेगळाच. पोटरीच्या कामाला पुरेशी ताठ कंडरा स्नायूला सावकाश काम करू देते, म्हणून कमी तंतूंत भागतं आणि ऑक्सिजन वाचतो.

नेमाने भार दिल्यावर कंडरेचा ताठरपणा वाढतो, पण सावकाश. तिला रक्तपुरवठा तोकडा असतो. 1950-60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-14 चा माग काढून डॅनिश संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं, की अकिलिस कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळपास नव्याने बनत नाही. म्हणूनच पहिल्या वर्षी दम वाढलेला असतो, उत्साह असतो, आणि टाच दुखायला लागते. हृदय आणि रक्त तयार झालेलं असतं, कंडरा मागे राहिलेली असते.

अशा वेळी ‘लॅक्टिक ॲसिड बाहेर काढणारी’ तेलं आणि पेयं विकणाऱ्यांचं फावतं. व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट (शरीरात लॅक्टिक ॲसिड याच रूपात असतं) तासाभरात रक्तातून जवळपास ओसरतं. हृदय आणि स्नायू तेच इंधन म्हणून जाळतात. दुसऱ्या दिवशीची अंगदुखी स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेची असते. जे उरलेलंच नाही ते काढायला पैसे कशाला मोजायचे?

वयाचाही इथे संबंध येतो. तिशीनंतर व्हीओटू मॅक्स दर दशकाला साधारण 10 टक्क्यांनी उतरतो; नेमाने व्यायाम करणाऱ्यांत ही उतरण बरीच कमी असते. किलोमीटरमागचा खर्च मात्र सराव असलेल्या ज्येष्ठ धावपटूंत तरुणांइतकाच आढळला आहे. त्यामुळे चाळिशीत धावायला लागलेल्या माणसाची स्पर्धेतली वेळ पुढची कित्येक वर्षं सुधारत राहिली, तर त्यात नवल नाही. त्याचं ॲव्हरेज अजून वाढत असतं.