शेळी ठणठणीत, माणूस आजारी

१९०५ सालच्या जून महिन्यात माल्टा बेटावर थेमिस्टोक्लिस झॅमिट या डॉक्टरांनी सहा शेळ्यांचं रक्त तपासायला घेतलं. शेळ्यांवर कुणाचा संशय नव्हता. ‘माल्टा तापा’वर प्रयोग करायला जनावरं हवी होती आणि शेळीला हा ताप होत नाही, असं सगळे धरून चालले होते. तपासणी खातरजमेपुरतीच होती.

तपासणीची रीत साधी. रक्त गोठलं की वर पिवळसर पाणी सुटतं, तो रक्तद्रव. काचेच्या नळीत या तापाचे जिवाणू कालवलेलं गढूळ पाणी घ्यायचं आणि त्यात हा रक्तद्रव मिसळायचा. त्या शरीराची या जिवाणूशी आधी गाठ पडली असेल, तर जिवाणू एकमेकांना चिकटतात, बारीक कण्या होऊन तळाशी बसतात आणि वरचं पाणी निवळतं. सहापैकी पाच शेळ्यांच्या नळ्या निवळल्या. शेळ्या मात्र आरामात रवंथ करत होत्या.

हा ताप तिथल्या ब्रिटिश सैनिकांना अक्षरशः पिळून काढत असे. चढायचा, उतरायचा, आठवडाभर दडी मारून पुन्हा उगवायचा. सांधे धरायचे, रात्री घामाने अंथरूण भिजायचं आणि माणूस महिनोन्महिने इस्पितळात पडून राहायचा. अशाच तापाने गेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ च्या सुमारास जिवाणू वेगळा केला होता. पण तो माणसात येतो कुठून, हे अठरा वर्षं कुणाला उमगलं नव्हतं. डास, धूळ, सांडपाणी, सगळ्यांवर बोट ठेवून झालं होतं. शेळ्या तर रोज दारोदार हिंडत आणि दारातच धार काढून दूध दिलं जाई. पुढच्या पाहणीत बेटावरच्या सुमारे निम्म्या शेळ्यांच्या रक्तात खूण सापडली आणि दहातल्या एकीच्या दुधात चक्क जिवंत जिवाणू. १९०६ मध्ये सैन्याच्या भोजनगृहातून शेळीचं दूध बंद झालं आणि छावणीतला ताप जवळजवळ नाहीसा झाला. बेटावरच्या नागरिकांनी मात्र कच्चं दूध पिणं सोडलं नाही, त्यांच्यात तो चालूच राहिला. (झॅमिट पुढे पुरातत्त्वज्ञ म्हणून जास्त गाजले. माल्टातली पाच हजार वर्षांपूर्वीची देवळं त्यांनी उकरून काढली. माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं उत्खनन त्या सहा नळ्यांतलंच.)

प्राण्यांकडून माणसाकडे येणाऱ्या जिवाणूंची गोष्ट सांगताना आपण नकळत ‘आजारी जनावर’ डोळ्यांसमोर आणतो. लाळ गळणारं, अंग टाकलेलं. प्रत्यक्षात यातल्या पुष्कळ रोगांत जनावर धडधाकट दिसतं. जिवाणू त्याच्या शरीरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला असतो. घर मोडलं तर आपणच उघड्यावर पडू, हे जणू त्याला कळलेलं असतं. माणूस मात्र त्याला चुकून लागलेला पत्ता. इथून पुढे जायला बहुधा वाट नसते. माल्टा ताप माणसाकडून माणसाला क्वचितच लागतो. तरी त्या चुकलेल्या पत्त्यावर जी आदळआपट होते, तिलाच आपण रोग म्हणतो.

माल्टा तापाचा जिवाणू म्हणजे ब्रुसेला, ब्रूस यांच्याच नावावरून. शेळी, मेंढी, गाय, डुक्कर यांच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक साखरेच्या जातीची वस्तू भरपूर असते आणि ब्रुसेलाला तिची भारी आवड. एरवी तो शरीरातल्या गाठींमध्ये, कासेत गपचूप पडून असतो. जनावर गाभण राहिलं, वार वाढली, की तिथे त्याची झुंबड उडते आणि जनावर गाभडतं. गायीचा गाभ बहुधा शेवटच्या तिमाहीत पडतो. पडलेल्या वासरात आणि वारेत जिवाणू अक्षरशः खच्चून भरलेले असतात. बाकीची गुरं ते हुंगतात, चाटतात आणि पुढच्या मुक्कामाची सोय होते. त्यानंतरच्या वेतांत गाय बऱ्याचदा नीट विते, दूधही देते, म्हणून गोठ्यात कुणाला शंका येत नाही. माणसाच्या वारेत एरिथ्रिटॉल जवळजवळ नसतं. मग आपल्यात हा जिवाणू करतो काय? जंतू गिळून मारणं हे ज्या पांढऱ्या पेशींचं काम, त्यांच्याच पोटात जाऊन बसतो. त्याच्या अंगावरचं आवरण असं आहे की शरीराच्या पहारेकऱ्यांना ते फारसं खटकत नाही. म्हणून औषधही एक देऊन भागत नाही. डॉक्सिसायक्लिनच्या जोडीला दुसरं प्रतिजैविक आणि कोर्स किमान सहा आठवड्यांचा. दोन आठवड्यांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या, की ताप परततो.

उंदराचं मूत्रपिंड हा असाच दुसरा पत्ता. तिथे लेप्टोस्पायरा राहतो, स्क्रूसारखा पिळाचा, केसाहून कितीतरी बारीक आणि टोकाला आकड्यासारखा वळलेला. १९०७ मध्ये तो पहिल्यांदा दिसला तेव्हा बघणाऱ्याला प्रश्नचिन्ह आठवलं, म्हणून त्याच्या एका जातीचं नाव लॅटिनमध्ये ‘प्रश्न विचारणारा’ अशा अर्थाचं पडलं. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नळ्यांच्या आतल्या भिंतीला हे जिवाणू दाट अस्तरासारखे चिकटून राहतात. उंदराला त्याचा पत्ता नसतो. तो खातो, पितो, पिलं घालतो आणि प्रत्येक लघवीसोबत जिवाणू बाहेर सोडत जन्म काढतो. ते कोरड्यात टिकत नाहीत, पण ओल्या मातीत, साचलेल्या कोमट पाण्यात आठवडेच्या आठवडे तग धरतात. माणसाच्या पायाला बारीकशी चीर असली किंवा कातडी पाण्यात भिजून मऊ पडली असली, की ते आत शिरतात. मग ताप, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत. बहुतेकजण बरे होतात. काहींना मात्र कावीळ होते आणि ज्या मूत्रपिंडात उंदराला काहीच होत नाही, तीच माणसाची निकामी होतात. जगभरात दरवर्षी सुमारे १० लाख लोकांना हा रोग होतो आणि त्यांतले ६० हजारांच्या आसपास दगावतात, असा अंदाज आहे.

सगळेच जिवाणू असे भाडेकरूसारखे राहत नाहीत. काळपुळीचा जिवाणू, म्हणजे अँथ्रॅक्सचा, जनावराला मारल्याशिवाय पुढे जाऊच शकत नाही. मरणाच्या घटकेला गुराच्या एक मिलिलिटर रक्तात हे जिवाणू कोट्यवधींच्या संख्येने असतात. पण मेलेल्या जनावराचं पोट बंदच राहिलं, तर आतल्या सडण्यात ते मरून जातात. त्यांना कवच धरून बीजाणू व्हायला प्राणवायू लागतो. नाकातोंडातून वाहणाऱ्या काळपट, न गोठणाऱ्या रक्ताला तो मिळतो, आणि कुणी सुरी लावली तर सगळ्याच रक्ताला मिळतो. संशय असलेलं जनावर फाडू नये, असं पशुवैद्य बजावतात ते यासाठी. एकदा बीजाणू मातीत उतरले की पिढ्या जातात. स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर १९४२ मध्ये युद्धकाळात मेंढ्यांवर अँथ्रॅक्सची चाचणी झाली. पुढे जमिनीवर फॉर्मल्डिहाइड शिंपडून झाल्यावर ते बेट सुरक्षित ठरलं ते १९९० मध्ये.

दुधाकडे परत येऊ. गायीला गाभडवणारा जिवाणू डेन्मार्कचे पशुवैद्य बर्नहार्ड बांग यांनी १८९७ मध्ये शोधला होता, पण तो गायीचा आणि माल्टाचा शेळीचा, दोघांचा काय संबंध, असं मानलं जाई. अमेरिकेत ॲलिस इव्हान्स यांनी दोन्ही शेजारी शेजारी वाढवून पाहिले आणि १९१८ मध्ये लिहिलं की हे जवळचे भाऊबंद आहेत, तेव्हा गायीचं कच्चं दूधही धोक्याचं. दूधवाले चिडले, शास्त्रज्ञही हसले. नामवंत जिवाणूतज्ज्ञांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट डॉक्टरेट नसलेल्या या बाईंना कशी दिसली, हा खरा सल होता. उपाय खर्चिकही नव्हता. ७२ अंश सेल्सियसला १५ सेकंद दूध तापलं की ब्रुसेला संपतो. इव्हान्स यांचं म्हणणं पटायला त्यानंतरची दहाएक वर्षं गेली.

दरम्यान, १९२२ मध्ये प्रयोगशाळेत काम करताना त्यांना स्वतःलाच ब्रुसेलाची लागण झाली. ताप यायचा, जायचा. मधल्या काळात अंगात काही त्राण नसायचं, पण बघणाऱ्याला दाखवायला ठोस काही नसायचं. हा आजार विषमज्वर, हिवताप, क्षय अशी अनेक सोंगं घेतो. इव्हान्स यांच्या बाबतीत डॉक्टरांनी त्याहून सोपं निदान केलं : नसांचा अशक्तपणा, म्हणजे सौम्य भाषेत मनाचे खेळ. ज्या जिवाणूवर त्यांच्याइतकं काम क्वचितच कुणी केलं होतं, तो आपल्याच अंगात आहे हे त्यांना सिद्ध करता येत नव्हतं. अनेक वर्षांनी त्यांच्या शरीरातून घेतलेल्या नमुन्यात ब्रुसेला वाढला, तेव्हा कुठे डॉक्टरांनी ‘मनाचे खेळ’ हा शेरा मागे घेतला.