'गोल्डनआय ००७': उशिरा आला म्हणून जमला

'गोल्डनआय ००७' हा जेम्स बाँडच्या सिनेमावरचा १९९७ चा व्हिडिओ गेम. जानेवारी २०२३ मध्ये तो एक्सबॉक्स आणि निन्टेंडो स्विच या गेमच्या मशीनवर पुन्हा आला. ज्यांनी तो लहानपणी खेळला होता ते हळवे झाले. ज्यांनी पहिल्यांदाच हातात घेतला, त्यांना समजेना की या खडबडीत चेहऱ्यांच्या, अडखळत वळणाऱ्या गेमचं लोकांना एवढं कौतुक का. खरं तर दोन्ही बाजू बरोबर आहेत, आणि त्याचं कारण हा गेम कसा तयार झाला त्यात सापडतं.

सिनेमावरचे गेम म्हणजे दुकानात पोस्टर बघून घ्यायचे आणि घरी येऊन पस्तावायचं, असा लौकिक फार जुना. त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे अटारी या गेम कंपनीचा 'ई.टी.'. १९८२ च्या ख्रिसमसला माल दुकानात हवा होता, म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या प्रोग्रामरला जेमतेम ५ आठवडे मिळाले. पात्र सारखं खड्ड्यात पडायचं आणि बाहेर काढता काढता जीव मेटाकुटीला यायचा. न खपलेला माल पुढच्या वर्षी न्यू मेक्सिकोतल्या अॅलामोगोर्डोच्या कचराडेपोत पुरला गेला. २०१४ मध्ये तो उकरूनही काढला. या सगळ्यात वॉरशॉच्या अकलेचा दोष कमी आणि कॅलेंडरचा जास्त. सिनेमा गाजतोय तोवर गेम विकायचा, हा या धंद्याचा नियमच होता.

'गोल्डनआय'च्या बाबतीत तो नियम मोडला गेला, आणि तोही कुणी ठरवून मोडला नाही.

इंग्लंडमधल्या ट्वायक्रॉस नावाच्या खेड्यात रेअर ही गेम बनवणारी कंपनी होती. १९९४ च्या 'डाँकी काँग कंट्री' या गेममुळे निन्टेंडोची त्यांच्यावर मर्जी बसली होती. नव्या बाँडपटाचा गेम करायचा म्हटल्यावर आधी डोळ्यांसमोर होता तो जुन्या मशीनवरचा, डावीकडून उजवीकडे पळत जायचा साधा गेम. टीमचा प्रमुख मार्टिन हॉलिस याने आग्रह धरला की नाही, त्रिमितीत करू, आणि निन्टेंडोच्या येऊ घातलेल्या मशीनवर, म्हणजे निन्टेंडो ६४ वर करू. ते मशीन तेव्हा तयारच नव्हतं. सिलिकॉन ग्राफिक्सच्या महागड्या संगणकावर, सेगा सॅटर्नचा कंट्रोलर जोडजाड करून काम सुरू झालं. टीम नऊ-दहा जणांची, आणि त्यातल्या बहुतेकांचा हा पहिलाच गेम.

सिनेमा नोव्हेंबर १९९५ मध्ये लागला आणि उतरला. गेम तयार नव्हता. १९९६ सरलं, तरी नव्हता. शेवटी ऑगस्ट १९९७ मध्ये तो आला तेव्हा पुढचा बाँडपट चार महिन्यांवर येऊन ठेपला होता. दुसऱ्या एखाद्या कंपनीने तो केव्हाच गुंडाळला असता.

या उशिराने काय दिलं ते बघा. टीमची माणसं लीव्हस्डनच्या स्टुडिओत जाऊन आली. सेटचे फोटो आणि नकाशे घेऊन त्यांनी आधी जागा उभ्या केल्या: धरण, रासायनिक अस्त्रांचा कारखाना, सायबेरियातलं ठाणं. खेळाडू कुठून शिरेल, काय शोधेल, कुठून बाहेर पडेल, हे बरंचसं नंतर ठरलं. म्हणून या गेममध्ये अशा खोल्या आहेत ज्यात काहीच घडत नाही. गेम बनवण्याच्या शास्त्रानुसार ही चूकच. पण त्यामुळेच ती इमारत खरी वाटते, खेळाडूसाठी आखलेली वाट वाटत नाही.

कारखान्याची सुरुवात आठवा. तुम्ही हवा खेळायच्या बोगद्यातून सरपटत येता, खाली जाळीतून संडासाची फरशी दिसते. उडी मारायची, एकेक दार उघडायचं. आत पहारेकरी असतो, त्याला तुमची चाहूल नसते. सायलेन्सरवालं पिस्तूल वापरलं तर काम चुपचाप होतं. दुसरी बंदूक चालवली की आवाज ऐकून बाकीचे धावत येतात. गोळी हाताला लागली तर पहारेकरी हात झटकतो, पायाला लागली तर लंगडतो. ही कल्पना त्यांनी सेगाच्या 'व्हर्च्युआ कॉप'वरून उचलली. एकाच टप्प्यात वेगवेगळी कामं द्यायची हे 'सुपर मारिओ ६४' बघून सुचलं, आणि त्यातली खुबी अशी की अवघड पातळी निवडली तर शत्रू नुसते चिवट होत नाहीत, तुमच्या कामांची यादीही वाढते. माझ्या मते गेमची खरी अक्कल इथे दिसते. जिथे मघाशी तुम्ही नुसते धावत गेलात, तिथेच आता थांबून बघावं लागतं.

चौघांनी एकमेकांवर गोळ्या झाडायचा प्रकार, ज्यासाठी हा गेम आज ओळखला जातो, तो मूळ आराखड्यात नव्हताच. शेवटच्या काही महिन्यांत टीममधल्या स्टीव्ह एलिसने तो, एकट्याच्या खेळासाठी आधीच लिहून झालेल्या कोडवर बसवला. घाईचं काम ते घाईचंच. टीव्हीचे चार तुकडे होतात, त्यामुळे बाजूच्याच्या चौकटीत डोकावून तो कुठे लपलाय ते कळतं. स्फोट झाले की चित्र गचके खातं. आणि ऑडजॉब! गेममधलं हे सगळ्यात बुटकं पात्र. आपोआप लागणारा नेम त्याच्या डोक्यावरून जातो. ऑडजॉब घेणं म्हणजे फसवणूक, हे पुढे बनवणाऱ्यांनीही हसत हसत मान्य केलं.

एकट्याने खेळतानाही त्रास कमी नाही. टप्प्याच्या मधे सेव्ह नाही. मेलात की पहिल्यापासून. नताल्या या नायिकेला वाचवायचं असतं आणि ती नेमकी गोळ्यांच्या समोर येऊन उभी राहते. कंट्रोलरला काठी एकच, त्यामुळे बारीक नेम धरायचा तर पाय थांबवावे लागतात. आपल्याकडे त्या काळात घरोघरी आठ बिटवाल्या नकला आणि '९९९९ इन १'च्या कॅसेटी चालायच्या, निन्टेंडो ६४ क्वचितच कुणाकडे. ज्यांनी हा गेम पुढे पीसीवर कीबोर्डने खेळून पाहिला, त्यांना तो अधिकच अवघड गेला असणार.

'मारिओ'चे जनक, निन्टेंडोच्या शिगेरू मियामोतोंना यातली मारामारी खटकली होती. शेवटी बाँडने हॉस्पिटलात जाऊन सगळ्या शत्रूंशी हस्तांदोलन करावं, अशी सूचना त्यांनी फॅक्सने पाठवल्याचं हॉलिसने सांगितलं आहे. ती सूचना काही अमलात आली नाही. त्याऐवजी शेवटी सिनेमासारखी पात्रांची ओळखयादी येते, म्हणजे हे सगळं नाटक होतं असं सुचवलं जातं.

गेमच्या सुमारे ८० लाख प्रती खपल्या. पुढच्या बाँडपटाचा गेम करायला रेअरने नकार दिला. हक्क इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे गेले आणि तो गेम १९९९ मध्ये आला. तोही सिनेमानंतर दोन वर्षांनी, पण तेवढ्याने तो काही 'गोल्डनआय' झाला नाही. उशीर लागतो, पण नुसता उशीर पुरत नाही.

जुन्या मेनूत मात्र एक गोष्ट लपलेली आहे. कंट्रोलच्या प्रकारांना बाँडच्या नायिकांची नावं होती आणि त्यातले काही प्रकार दोन्ही हातांत एकेक कंट्रोलर धरून खेळायचे: एका काठीने चालायचं, दुसरीने बघायचं. आज प्रत्येक कंट्रोलर असाच असतो. २०२३ च्या एक्सबॉक्सवाल्या आवृत्तीत ती सोय एकाच कंट्रोलरवर आली, चौघांच्या खेळातले गचकेही गेले. ऑडजॉब अजून तेवढाच बुटका आहे.