पोट बिघडलंय, खिचडी खा! पण कुठली खिचडी?

गेल्या आषाढीला माझा धाकटा भाऊ पुण्यात रूमवर आजारी पडला, सकाळपासून पाच-सहा वेळा जुलाब, पोटात मुरडा, आईने फोनवर सांगितलं "काही नको खाऊस बाहेरचं, नुसती खिचडी खा" आणि हा खाली गेला, एकादशी असल्यामुळे कोपऱ्यावरच्या टपरीवर गरमागरम साबुदाण्याची खिचडी होतीच, ती दोन प्लेट खाऊन आला. रात्रभर त्याचे जे हाल झाले ते मी फोनवर ऐकत होते. त्याची चूक म्हणवत नाही मला. आई खिचडी म्हणाली, त्याने खिचडी खाल्ली. वर आपल्याकडे लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं की उपवासाचं म्हणजे हलकं. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावं, कारण नाव एकच असलं तरी पोटात गेल्यावर साबुदाण्याची आणि मुगाची, या दोन खिचड्या अगदी वेगळ्या वागतात.

आधी साबुदाणा. हा टॅपिओकाच्या कंदापासून करतात, आपल्याकडे येणारा बराचसा तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. त्यात जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रोटीन १०० ग्रॅममध्ये एक ग्रॅमसुद्धा नाही आणि फायबर नावालाच. म्हणजे एकट्या साबुदाण्यात पोटाला त्रास देणारं फारसं काही नाहीच, आणि इथेच सगळा घोळ होतो, कारण डॉक्टर किंवा आजी आजाऱ्याला साबुदाणा दे म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात असते साबुदाण्याची पेज, आणि आपण करतो खिचडी. खिचडीत काय काय पडतं बघा. वाटीभर साबुदाण्याला अर्धी वाटी दाण्याचं कूट, दोन मोठे चमचे तूप, हिरव्या मिरच्या, बटाट्याच्या काचऱ्या. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मी फॅट असते, म्हणजे अर्ध्या वाटी कुटातून २५ ग्रॅमच्या आसपास आणि तुपातून तेवढीच, दोघांत वाटून खाल्ली तरी प्रत्येकी २५ ग्रॅम फॅट झाली. फॅट पोटात गेली की जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, एरवी तेच बरं असतं, उपवासाला दुपारपर्यंत भूक लागत नाही ती यामुळेच. पण मळमळत असताना तेच अन्न तासन् तास पोटात बसून राहतं आणि मग उलटी होते किंवा नुसतं गच्च वाटत राहतं. मिरचीचं तर काय सांगायचं, आतडं आधीच हुळहुळं झालेलं असतं.

आता मुगाची. इथे पण जरा थांबा, कारण मुगाच्या खिचडीतही दोन प्रकार आहेत आणि लोक त्यातही गल्लत करतात. एक आपली रविवार रात्रीची, गोडा मसाला, खोबरं, वरून तुपाची धार, सोबत तळलेला पापड, लोणचं. ती आजाऱ्याची नव्हे. आजाऱ्याची ती आसट खिचडी, एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी सालं काढलेली पिवळी मुगाची डाळ, सहा वाट्या पाणी, मीठ, चिमूटभर हळद, हिंग, जमलं तर थोडं जिरं. कुकरच्या चार-पाच शिट्ट्या आणि मग डावाने चांगली घोटायची, चमच्यातून सरकन खाली पडली पाहिजे. तूप अर्धा चमचा, पहिल्या दिवशी तेही नको.

ही पोटाला का चालते याला कारणं आहेत. तांदळाचा स्टार्च गरम, ताजा आणि मऊ शिजलेला असला तर जवळजवळ सगळा लहान आतड्यातच शोषला जातो, खाली मोठ्या आतड्यात फारसा उरत नाही त्यामुळे गॅस कमी. मूग डाळीत प्रोटीन चांगलं, २४ टक्क्यांच्या आसपास, आणि सालं काढलेली असल्याने फायबर कमी. कुठल्याही डाळीत गॅस करणाऱ्या साखरा थोड्या असतातच, म्हणून अर्धा तास भिजवून ते पाणी फेकून दिलं तर अजून बरं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मीठ आणि पाणी. जुलाबात शरीरातून हेच दोन्ही जातं, आणि आतड्याची गंमत अशी की ग्लुकोज आणि मीठ एकत्र आलं की ते दोन्ही आत घेतं आणि त्यांच्याबरोबर पाणीही आत जातं, जुलाब चालू असताना सुद्धा. ओआरएस, म्हणजे जुलाबात देतात ते मीठ-साखरेच्या पुडीचं पाणी, याच तत्त्वावर चालतं. आसट खिचडीत किंवा मीठ घातलेल्या पेजेत थोड्या प्रमाणात हेच होत असतं, पण म्हणून खिचडी खाल्ली की ओआरएस नको असं अजिबात नाही, ते लागतंच. मोठं पाकीट असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्ध्या पेल्यात नव्हे! आणि दुकानातली फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएसच्या जागी चालत नाहीत, जास्त साखरेने जुलाब वाढतात.

मग साबुदाणा बाद का? नाही हो, त्याची पेज करा. दोन चमचे साबुदाणा धुऊन तासभर भिजवायचा, दोन-तीन वाट्या पाण्यात दाणे काचेसारखे पारदर्शक होईपर्यंत उकळायचा, मीठ आणि किंचित जिरेपूड. दुधातली खीर मात्र तेव्हा नको, कारण जुलाबानंतर काही दिवस आतड्याला दुधातली साखर नीट पचवता येत नाही (अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध बंद करायचं नाही, ते वेगळं). फक्त ही पेज एखाद-दुसऱ्या वेळेपुरती, तिच्यात ताकद भरून काढणारं काही नाही, दोन दिवस नुसत्या साबुदाण्यावर काढले तर माणूस गळून जातो. मुगाची खिचडी तिथे खूप पुढे आहे.

अजून एक, पोट बिघडलं हे आपण सगळ्यालाच म्हणतो. जुलाब होत नाहीयेत, उलट दोन दिवस पोट साफच नाही आणि म्हणून जड वाटतंय, अशावेळी फायबर नसलेला साबुदाणा कुठल्याही रूपात उपयोगाचा नाही, तिथे सालासकट मुगाची खिचडी आणि भरपूर पाणी. पित्त झालं असेल, छातीत जळजळ असेल तर साबुदाणा खिचडीतलं तूप, कूट, मिरची तिन्ही त्रास देणारं. आसट मुगाची खिचडी या सगळ्यात चालते.

उलट्या थांबल्याच नसतील तर मात्र कुठलीच खिचडी नको, आधी चमचा-चमचा ओआरएस, मग पेजेची वरची निवळ. कोकणात आमच्या आत्या उकड्या तांदळाची पेज करून तिची निवळ आधी देतात आणि खालचा भात दुपारी, तेच बरोबर आहे.

शिळी खिचडी नको, हे कळकळीने सांगते. शिजवलेला भात बाहेर तसाच राहिला की त्यात जंतू वाढतात आणि त्यातले काही असं विष करतात जे परत गरम करूनही जात नाही, पावसाळ्यात तर फारच लवकर. थोडीच करा, दोन वेळा करा.

उपवास असेल आणि आजारी असाल तर आमची आजी सरळ म्हणायची की आजाऱ्याला उपवास नाही. तरी ज्यांना मोडवत नाही त्यांनी भगर निवडून, धुऊन, घरी पातळ शिजवून घ्यावी, सुटं दळलेलं भगरीचं पीठ आणू नये, त्याने विषबाधा झाल्याच्या बातम्या दर सणाला येतात.

आणि शौचातून रक्त, जोराचा ताप, सहा-आठ तास लघवी नाही, मूल मलूल पडलंय, डोळे खोल गेलेत, यातलं काहीही दिसलं तर स्वयंपाकघरात वेळ घालवू नका, तडक डॉक्टरकडे. म्हातारी माणसं आणि लहान मुलं फार पटकन कोरडी पडतात.

भावाला दुसऱ्या दिवशी रूममेटने कुकर लावून आसट खिचडी करून दिली, मी व्हिडिओ कॉलवर पाणी किती ते दाखवत होते. संध्याकाळपर्यंत त्याने तीन वाट्या खाल्ल्या, थोड्या थोड्या. आता आई फोनवर नुसतं खिचडी म्हणत नाही, "मुगाची, पातळ" म्हणते.