साव्वार की कोनेत्र?

‘माहीत आहे’ म्हटलं की मराठीत काम भागतं, मग ते गाव असो, गाणं असो की बातमी. फ्रेंच बोलताना मात्र त्यासाठी दोन क्रियापदं आहेत आणि आधी ठरवावं लागतं: साव्वार (savoir) की कोनेत्र (connaître)? ‘साव्वार म्हणजे माहिती, कोनेत्र म्हणजे ओळख’ एवढं सांगून बऱ्याचदा विषय संपवला जातो. ते चूक नाही, पण बोलायची वेळ आली की पुरत नाही. त्यापेक्षा क्रियापदानंतर काय येतंय ते बघावं.

नंतर अख्खं वाक्य येत असेल, तर साव्वारच. ‘ज से ऊ इलाबित’, म्हणजे तो कुठे राहतो ते मला माहीत आहे. इथे कोनेत्र चालतच नाही. माणूस किंवा गाव आलं की उलट: ‘ज कोने मारी’, ‘ज कोने पारी’. मारीला मी ओळखतो, पॅरिस मला माहीत आहे. दुसरं क्रियापद आलं की पुन्हा साव्वार, आणि तिथे ते थेट आपल्या ‘येणे’सारखं वागतं: ‘ज से नाजे’, मला पोहता येतं. पोहायला येतं, पण हात प्लास्टरमध्ये आहे म्हणून जमत नाही, तर तिथे पूव्वार (शक्य असणे) हे तिसरं क्रियापद लागतं. (बेल्जियममध्ये तिथेही साव्वार सर्रास ऐकू येतं. ‘ज न से पा दोर्मीर’, शब्दशः ‘मला झोपता येत नाही’, म्हणणाऱ्या बेल्जियन माणसाला नुसती झोप लागत नसते.)

मला सगळ्यात आवडते ती जागा म्हणजे एकाच नामाबरोबर दोन्ही चालतात ती. ‘ज कोने सेत शांसों’ म्हणजे हे गाणं ओळखीचं आहे, कुठेतरी ऐकलंय. ‘ज से सेत शांसों’ म्हटलंत तर ते तुम्हाला पाठ आहे, आणि समोरचा म्हणायचा आग्रह करू शकतो.

भूतकाळात आणखी एक वळण येतं. ‘ज सावे’ म्हणजे माहीत होतं, पण ‘जे स्यू’ म्हणजे कळलं. तसंच ‘ज कोनेसे मारी’ म्हणजे मारीला मी ओळखत होतो आणि ‘जे कोन्यू मारी आ लियों’ म्हणजे तिची-माझी ओळख लियोंमध्ये झाली. ‘माहीत होतं’ आणि ‘कळलं’ यांची गल्लत मराठी माणूस कधी करत नाही, त्यामुळे हा भाग आपल्याला इंग्रजीऐवजी मराठीतून समजून घेतला तर फार लवकर बसतो.